अकरा डॉलरची अब्रू

१३ ऑक्टोबर २०२०. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा जागतिक अंदाज आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून देशभर एकच आकडा फिरू लागला. बांगलादेशाचे दरडोई उत्पादन १,८८८ डॉलर, भारताचे १,८७७. फरक अकरा डॉलरचा. तेव्हाच्या दराने आठशे रुपयांच्या आसपास. चौघांच्या घरातले महिन्याचे दुधाचे बिलही तेवढ्यात भागत नाही. तेवढ्यावरून एका बाजूने देशाची अब्रू गेल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या बाजूने नीट वाचण्याआधीच आकडा खोटा ठरवला.

मला त्या दिवशी दोघांचाही राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही. दीडशे कोटींहून जास्त माणसांच्या जगण्याचा हिशेब समोर होता. हा आकडा बनतो कसा, हे कुणी विचारले नाही. मागच्या वीस-तीस वर्षांत दोन्ही घरांची चाल कशी होती, हे कुणी पाहिले नाही. एकाला दांडका हवा होता, दुसऱ्याला ढाल. चार दिवस हाणामारी झाली, पाचव्या दिवशी सगळे विसरले.

मी विसरलो नाही, कारण त्या आकड्याच्या मागे एक जुना आकडा होता. २००७ मध्ये बांगलादेशाचे दरडोई उत्पादन डॉलरमध्ये आपल्या साधारण निम्मे होते. निम्म्यावरून बरोबरीला यायला त्यांना तेरा वर्षे लागली. एवढे अंतर कुणी झोपेत कापत नाही. मग ते कापले कसे?

त्यातला पहिला भाग डॉलरचा आहे आणि तो सगळ्यात बेभरवशाचा.

२००७ मध्ये डॉलरला सरासरी ४१ रुपये पडत होते, २०२० मध्ये ७४. त्याच तेरा वर्षांत बांगलादेशी टका ६९ वरून ८५ वर गेला. म्हणजे आपल्याकडे डॉलर जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी महागला आणि त्यांच्याकडे तेवीस टक्क्यांनी. महागाई तर दोन्हीकडे होती, पण ढाक्याने टका घट्ट धरून ठेवला होता. समजा दोन्हीकडच्या शेतकऱ्याने, शिंप्याने, मास्तराने आपापली कमाई अगदी सारखी वाढवली असती, तरी डॉलरच्या तराजूत आपले पारडे हलकेच भरले असते. भरीला कोरोनाचे वर्ष. नाणेनिधीने भारताची अर्थव्यवस्था १०.३ टक्क्यांनी आकुंचन पावेल असे धरले होते, बांगलादेशाची ३.८ टक्क्यांनी वाढेल असे. अकरा डॉलरची ही आघाडी अशा दोन टेकूंवर उभी होती.

टेकू निघाला तेव्हा काय झाले, तेही ऐका. २०२२ मध्ये तेल, गॅस, खते महागली, ढाक्याची परकी गंगाजळी आटू लागली आणि धरून ठेवलेला टका हातातून सुटला. ८६ चा डॉलर २०२४ च्या अखेरीस १२० टक्यांना झाला. आघाडी विरघळली. २०२४ मध्ये दोन्ही देश अडीच ते पावणेतीन हजार डॉलरच्या पट्ट्यात होते आणि भारत किंचित पुढे. या वेळी कुणी पडद्यावर मोठ्या अक्षरांत आकडा नाचवला नाही. ज्यांची मान २०२० मध्ये खाली गेली होती त्यांनी ती वर केली नाही, आणि ज्यांनी आकडा खोटा म्हटला होता त्यांनी आता तो खरा आहे का, हे विचारले नाही.

दुसरा तराजू क्रयशक्तीचा. धुळ्यात केस कापायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात न्यूयॉर्कमध्ये न्हावी खुर्चीवर बसूही देणार नाही. म्हणून हजारो वस्तू आणि सेवांचे भाव देशोदेशी गोळा करून, कुठल्या पैशात खरोखर किती विकत मिळते, ते काढतात. २०१७ च्या फेरीत असे निघाले की अमेरिकेत एक डॉलरला जे मिळते ते भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळते. बाजारात तोच डॉलर ६५ रुपयांना होता. या तराजूत भारत बांगलादेशाच्या पुढे होता, २०२० मध्येही. सरकारी गोटातून त्या वेळी हेच उत्तर आले आणि ते चूक नव्हते. अपुरे होते. चहा आणि न्हावी क्रयशक्तीच्या भावाने मिळतात. कच्चे तेल, औषधांचा कच्चा माल, रुग्णालयातले यंत्र, मुलाची परदेशातली फी यांना रोख डॉलरच मोजावा लागतो. दोन्ही तराजू खरे आहेत. मात्र ज्याला पुढे असल्याचे दाखवायचे तो एक उचलतो आणि मागे असल्याचे दाखवायचे तो दुसरा, ही लबाडी आहे. भाजीवाल्याने घ्यायला एक आणि द्यायला एक असे वजन ठेवले तर आपण बाजार डोक्यावर घेतो.

हे भांडण जुने आहे आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईतल्याच एका माणसाने केली. दादाभाई नौरोजी. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला माणूस. इंग्रज म्हणत होते की आमच्या राज्यात हिंदुस्थान सुखात आहे. दादाभाईंनी वाद घातला नाही, हिशेब मांडला. सरकारच्याच अहवालांतून प्रांतवार पिके काढली, त्यांचे भाव लावले, बाकीचे उत्पादन मिळवले. एकूण आले ३४ कोटी पौंड. माणसे धरली १७ कोटी. माणशी दोन पौंड, म्हणजे साल अखेर वीस रुपये. १८६७ ते १८७० या काळाचा हा आकडा, आणि १८७६ मध्ये त्यांनी तो मुंबईत निबंध वाचून लोकांपुढे ठेवला.

मोठेपण त्या भागाकारात नाही, पुढच्या पायरीत आहे. वीस रुपये म्हणजे खूप की थोडे, हे ठरवायचे कसे? दादाभाईंनी तुरुंगांचे अहवाल उघडले. कैद्याच्या खाण्याकपड्याला सरकार किती खर्च करते ते पाहिले. हिशेब आला माणशी वीस रुपयांहून जास्तच. गुन्हेगाराला नुसते जिवंत ठेवायला वीसहून जास्त आणि मोकळ्या रयतेच्या वाट्याला वीसच. तेही सरासरीने, म्हणजे साहेबाचा आणि सावकाराचा वाटा मजुराच्या वाट्यात मिसळून.

राज्यकर्त्यांनी मग आपले आकडे काढले. १८८२ मध्ये बेअरिंग आणि बार्बर यांनी सत्तावीस रुपये सांगितले. १९०१ मध्ये व्हाइसरॉय कर्झन यांनी तीस. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई इलाख्यासह मोठा मुलूख १८९९-१९०० च्या दुष्काळाने होरपळला होता. कागदावर रयत तीन रुपयांनी सुधारली होती.

म्हणून मी दरडोई आकडा दिसला की दादाभाईंची दुसरी पायरी शोधतो. दुसऱ्या देशाशी लावायचा तर लावा, पण आधी तो माणसाच्या ताटाशी लावा.

भारत आणि बांगलादेश यांचे आकडे ताटाशी लावले तर २०२० च्या कितीतरी आधी आपली झोप उडायला हवी होती. २०११ घ्या. तेव्हा दरडोई उत्पादनात भारत ठळकपणे पुढे होता, कुठल्याही तराजूत. त्याच वर्षी भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ६५ वर्षे होते आणि बांगलादेशी माणसाचे ६९. हजार जिवंत जन्मांमागे आपली ४७ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती, त्यांची ३७. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन या अर्थतज्ज्ञांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात हे आकडे शेजारी शेजारी मांडले. जास्त पैसा असलेल्या घरात बाळे जास्त मरत होती. खरी चपराक ही होती. तिच्यावर एकाही वाहिनीने चार दिवस घालवल्याचे मला आठवत नाही.

कमी पैशात त्यांनी ते केले कसे? इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्या गोष्टीचा जीव इथे आहे.

हगवणीने मरणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा सलाइनची बाटली लागत नाही, मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजले तरी ते वाचते. हे ज्ञान ज्या संशोधनातून पक्के झाले त्यातला मोठा वाटा साठच्या दशकातल्या ढाक्याच्या आणि कलकत्त्याच्या कॉलरा संशोधकांचा. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपले तेव्हा डॉ. दिलीप महलनबीस यांनी पिंपांत हे पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती दिले. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरला. म्हणजे औषध दोन्ही देशांच्या हाती एकाच वेळी होते. आपल्याकडच्या डॉक्टरानेच ते सिद्ध केले होते.

फरक पडला तो पुढे. १९८० पासून दहा वर्षे ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बाया बांगलादेशातल्या गावागावांत, घराघरांत गेल्या. संस्थेचे संस्थापक फझले हसन आबेद. या बाया पाकिटे वाटत नव्हत्या. आईच्या शेजारी बसून तिच्याच भांड्यात शिकवत होत्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. दहा गोष्टी तोंडपाठ करायला लावत. काही दिवसांनी दुसरी माणसे जाऊन त्या आईची परीक्षा घेत. तिला जेवढे आठवे, तेवढ्यावर शिकवणारीचा पगार ठरे. किती घरे फिरलीस याला पैसे नव्हते, आईला काय आले याला होते. अशी एक कोटी वीस लाखांहून जास्त घरे. बांगलादेशातल्या एका पिढीच्या आयांना हगवणीचे औषध आपल्या स्वयंपाकघरात सापडले ते असे.

आपल्याकडे हे शक्य नव्हते असे म्हणणाऱ्याने गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, बालमृत्यू निम्म्यावर आणून दाखवले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. घराघरात जाऊन बाळ वाचवण्याच्या त्या वाटेवर पुढे बांगलादेशातल्या सिल्हेटमध्येही काम झाले. अक्कल आपल्याकडे कधीच कमी नव्हती. ती दहा कोटी घरांत नेण्याची घाई कमी होती.

शौचालयांचेही तसेच. आपल्या २०११ च्या जनगणनेत ५३ टक्के घरांत शौचालय नव्हते. तेव्हा बांगलादेशात उघड्यावर बसणारे दहा टक्क्यांहून कमी उरले होते. महाराष्ट्राने २०००-०१ मध्ये आर. आर. पाटलांच्या पुढाकाराने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू करून वाट दाखवली होती. देश तिच्यावरून चालायला पुढची चौदा वर्षे गेली.

आणि मुली. १९९४ पासून बांगलादेशाने खेड्यातल्या माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींना देशभर विद्यावेतन सुरू केले. अट अशी की शाळेत हजेरी हवी आणि लग्न झालेले नसावे. गरीब देशाने आपला तुटपुंजा पैसा मुलीच्या दप्तरावर लावला. तिथे बालविवाह संपले नाहीत, आजही ती तिथली मोठी जखम आहे. पण त्या दप्तरातून निघालेल्या मुली कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या.

कारखान्याची गोष्ट एका जहाजभर मशिनींपासून सुरू होत नाही, ती १३० माणसांपासून सुरू होते. नूरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याने ‘देश गारमेंट्स’ काढली, दक्षिण कोरियाच्या ‘देवू’शी करार केला आणि १९७९ मध्ये सुमारे १३० कामगार-पर्यवेक्षक सहा महिन्यांसाठी बुसानला शिकायला धाडले. ते परत आले, शिवायला लागले, आणि काही वर्षांत त्यातल्या बहुतेकांनी ती नोकरी सोडून स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. सरकारने त्यांना दोन सोप्या सवलती दिल्या: निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर जकात भरायची नाही, आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या पतपत्रावरच कापड उधार आणायचे. भांडवल नसलेला माणूसही निर्यातदार होऊ शकला. पुढे अतिगरीब देश म्हणून युरोपचा बाजार त्यांना जकातीविना खुला झाला, हेही विसरून चालणार नाही. आज त्यांच्या निर्यातीतला ऐंशी टक्क्यांहून जास्त माल कपड्यांचा आहे आणि तयार कपड्यांची त्यांची निर्यात भारताच्या दुपटीहून अधिक आहे.

त्याच वर्षांत मुंबईत काय चालले होते? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. ज्या शहराला कापडाची नस ठाऊक होती त्या शहराचे गिरणगाव त्यानंतर उभे राहिले नाही. जमिनी उरल्या, माणसे गावी गेली. आणि दिल्लीचा कायदा काय म्हणत होता? तयार कपडे शिवण्याचे काम लघुउद्योगांसाठी राखीव. दोन-तीन हजार शिलाई मशिनींचा मोठा कारखाना काढू म्हणाल तर मना. ही मनाई २००० च्या वस्त्रोद्योग धोरणाने उठवायला घेतली. वीस वर्षे! बुसानहून परतलेल्या त्या १३० जणांनी वीस वर्षांत जगाचा बाजार काबीज केला आणि आपण आपल्या शिंप्याला लहान ठेवून त्याचे रक्षण करत होतो. लालबाग-परळच्या किती मुलींच्या हातचे काम त्या वीस वर्षांत गेले याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

पण त्या तयार कपड्यांच्या घडीत रक्तही आहे. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझाची इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना कामावर यायला लावले. १,१३४ माणसे मेली, त्यात बहुतेक बाया. त्या वर्षीही बांगलादेशाचे दरडोई उत्पादन वाढले. मेलेल्यांना भागाकारात जागा नसते.

आता आकड्यांच्या कारखान्याकडे येऊ, कारण तिथेही तडे आहेत.

२०२१ मध्ये बांगलादेशाने हिशेबाचे पायाभूत वर्ष २००५-०६ वरून २०१५-१६ केले. दरडोई उत्पन्न २,२२७ डॉलरवरून २,५५४ झाले. शिलाई मशीन तेच, भात तोच, माणूस तोच. आदल्या रात्री न दिसलेले उद्योग हिशेबात आले एवढेच. हे करणे योग्यच असते, जुन्या मापाने नवा देश मोजता येत नाही. पण २०२४ मध्ये वेगळे बाहेर आले. दहा महिन्यांची निर्यात सुमारे १४ अब्ज डॉलरने फुगवून सांगितली गेली होती, आणि ती दुरुस्ती तिथल्या मध्यवर्ती बँकेला करावी लागली. ऑगस्टमध्ये शेख हसीना यांचे सरकार गेले. देबप्रिय भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने डिसेंबरमध्ये श्वेतपत्रिका दिली आणि आधीच्या वर्षांचे वाढीचे आकडेच संशयाच्या पिंजऱ्यात उभे केले. ज्यांनी आपल्याकडे बांगलादेशाचे गोडवे गायले त्यांनी हे वाचावे. मीही गायले आहेत, म्हणून मी वाचले. वाढीचा दर फुगवता येतो. वाचलेली बाळे आणि शाळेत गेलेल्या मुली फुगवणे तेवढे सोपे नसते. त्या गावात दिसतात.

आणि आपण? जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन बिगरसरकारी सदस्यांनी राजीनामे दिले, कारण रोजगाराचा तयार अहवाल अडवून ठेवला होता. त्याच वर्षी २०१७-१८ च्या घरखर्चाच्या पाहणीचा निष्कर्ष सरकारने प्रसिद्धच केला नाही. ढाक्याकडे बोट दाखवताना हे आठवावे.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. दरडोई म्हणजे दर डोक्यामागे. मग डोकी किती?

भारताची शेवटची शिरगणती २०११ ची. २०२१ ची झालीच नाही. आधी कोरोना होता, ते मान्य. नंतर निवडणुका झाल्या, जत्रा झाल्या, मोठमोठे सोहळे झाले. बांगलादेशाचीही २०२१ ची जनगणना लांबली होती, त्यांनी ती जून २०२२ मध्ये करून टाकली. १८७२ ची पहिली आणि १८८१ पासूनची दर दशकाची, अशी आपली रांग १९४१ मध्ये महायुद्ध पेटलेले असतानाही तुटली नव्हती. ती आता तुटली. दादाभाईंनी ज्या वर्षांसाठी १७ कोटींचा छेद घेतला त्या वर्षांत देशभरची जनगणना झालेलीच नव्हती. त्यांना अंदाज करण्यावाचून गत्यंतर नव्हते. दीडशे वर्षांनी, हातात एवढी यंत्रे असताना, आपल्या भागाकारातला छेद पुन्हा अंदाजाचा आहे. अंदाज चांगल्या माणसांनी केला असेल. तरी तो अंदाजच. आणि रेशनचे धान्य तर २०११ च्याच जुन्या संख्येवर वाटले जाते. २०११ नंतर वाढलेली डोकी त्या पोत्यात धरलेली नाहीत.

सरासरीच्या आत आणखी काय दडते ते महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्न छापतात. वर मुंबई, ठाणे, पुणे. तळाशी नंदुरबार, वाशीम, गडचिरोली. ही यादी वर्षानुवर्षे फारशी हलत नाही. ढाका पुढे की दिल्ली, यावर घसा कोरडा करणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी नंदुरबारचे धडगाव पुढे का जात नाही, हे विचारले?

शेवटचा मुद्दा हातांचा. डोकी सगळी मोजायची आणि हात अर्धेच धरायचे, असे आपण करतो. सरकारच्याच श्रमशक्ती पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरच्या भारतीय बायांपैकी २३.३ टक्केच कामात किंवा कामाच्या शोधात होत्या. बांगलादेशात तेव्हा हे प्रमाण ३६ टक्के होते. २०२३-२४ मध्ये आपला आकडा ४१.७ झाला. आनंदाची गोष्ट आहे, पण या वाढीत घरच्या शेतात आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या बायांचा वाटा मोठा आहे. त्या आधीही राबतच होत्या. काम होते, नोंद नव्हती.

२०११ मध्ये माझ्या आत्याकडे प्रगणक आला तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. आत्या पहाटे चारला उठून तीन म्हशींच्या धारा काढायची, डेअरीत दूध घालायची, दुपारी खुरपायला जायची. तिच्यासमोर प्रश्न आला: काय करतात? उत्तर घरातल्या पुरुषाने दिले: काही नाही, घरीच असते. प्रगणकाने लिहून घेतले. आत्या चुलीपाशी होती, तिने ऐकले आणि ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. ते मला अजून लागते. डेअरीच्या वहीत नाव तिच्या नवऱ्याचे, जनगणनेच्या तक्त्यात ती बिनकामाची, आणि देशाच्या दुधाच्या उत्पादनात मात्र तिच्या हातची धार धरलेली.

आता नवी जनगणना ठरली आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख, आणि देशाच्या बहुतेक भागात फेब्रुवारीत माणसे मोजली जाणार. तेव्हा तुमच्या दारात प्रगणक येईल. तो बहुधा तुमच्याच शाळेतला मास्तर असेल. त्याला बसायला सांगा, पाणी द्या, घाई करू नका. तान्हे बाळ सुटू देऊ नका, अंथरुणाला खिळलेली आजी सुटू देऊ नका, ऊसतोडीला गेलेली माणसे कुठे मोजली जाणार ते त्याला विचारून घ्या. आणि कामाचा प्रश्न आला की घरातल्या बाईला पुढे बोलवा. ती शेतात जात असेल, गुरे राखत असेल, शिलाई करत असेल, खानावळ चालवत असेल, पापड लाटून विकत असेल, तर ते तिच्या तोंडून तिच्या नावापुढे लिहवून घ्या.